मिनिटाला चार हजार फेरे

दोन आसनांची जुनी स्पोर्ट्स गाडी घेण्यामागे माझा हेतू अत्यंत शुद्ध होता. तिच्यात तिसरं माणूस बसू शकत नाही. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती आणि एवढ्या वर्षांत आम्ही दोघं, म्हणजे फक्त दोघं, कुठे गेलोय असं एकदाही झालं नव्हतं. दर सहलीला मेव्हणी असायची, मेव्हणीची मुलं असायची, साडू असायचे. एकदा तर आमच्याबरोबर शेजारच्या काकांची वळकटीच आली. काका मागून येणार होते, ते आलेच नाहीत. तीन दिवस आम्ही ती वळकटी सांभाळली.

तेव्हा मी ठरवलं, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोनशे किलोमीटरवरच्या त्या समुद्रकाठच्या विश्रामगृहात जायचं, जिथे लग्न झाल्या झाल्या जायचं ठरलं होतं आणि मेव्हणीला गोवर आल्यामुळे राहून गेलं होतं. गाडी कशी परवडली ते विचारू नका. बायकोने विचारलं होतं, तेव्हा मी विषय बदलला होता. तुम्ही विचारलंत तरी तेच करीन.

मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे, म्हणजे लोकांनी केलेल्या चुका काढणं हा माझा धंदा. बायको तिथेच बांधणी विभागात. आमचं जमलं तेही तिथेच. मोठ्या छपाईयंत्रापाशी, काम जोरात सुरू असताना, मी धीर करून तिला विचारलं होतं, "माझ्याशी लग्न कराल का?" आणि तिने फर्म्यांच्या, म्हणजे छापून आलेल्या तावांच्या, गठ्ठ्यावरून मानसुद्धा वर न करता म्हटलं होतं, "हो हो." क्षणाचाही विचार नाही! इतक्या चटकन होकार मिळालेला दुसरा माणूस मला माहीत नाही. ही गोष्ट मी मित्रमंडळींत पंचवीस वर्षं सांगत आलो आहे.

असो. गाडीबद्दल सांगत होतो. ती एका डॉक्टरीणबाईंकडून घेतली. डॉक्टर गेल्यापासून ती त्यांच्या आवारात झाकून ठेवलेली होती. बाटलीसारखा हिरवा रंग, तेरा इंची चाकं, वर कापडी टप. वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि दिसायला वीस वर्षांनी लहान. मी बॉनेट उघडून, दोन्ही हात मागे बांधून, जाणकार माणूस बघतो तसा आत बघत होतो. आतलं मला काही कळत नव्हतं, पण हात मागे बांधले की निम्मं काम होतं. तेवढा वेळ बायको पायरीवर बसून डॉक्टरीणबाईंशी बोलत होती. दोघी बायका काय बोलणार, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

गाडीत पाच गोल घड्याळं आणि सहा बटणं होती. पाच बटणांनी काही ना काही व्हायचं. सहावं पांढरं, शर्टाच्या गुंडीएवढं, त्याच्यावरची अक्षरं पुसून गेलेली. घराखाली गाडी उभी करून मी ते वीस वेळा ओढलं. दिवा लागला नाही, काच पुसली गेली नाही, काही म्हणजे काही नाही. आमच्या मिस्त्रीने गॅरेजमध्ये उभ्या गाडीत ओढून पाहिलं आणि "शोभेचं दिसतंय" असा निकाल दिला. तेव्हापासून मी त्याच्यावर गाडी पुसायचं पिवळं फडकं अडकवू लागलो. त्या कामाला ते बटण फार सोयीचं होतं.

मग आम्ही महामार्गावर पहिली फेरी मारायला निघालो. गावात गाडी गुणी मुलीसारखी चालली. महामार्गावर चौथा गिअर टाकला, तो शेवटचाच, आणि वेग ताशी शंभर झाला तसं इंजिनाने तोंड सोडलं. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा मिनिटाला चार हजारांवर. मिक्सरमध्ये डोकं घालून बसल्यासारखं वाटत होतं. पायांच्या तळव्यांपासून कवळीपर्यंत सगळं थरथरत होतं. कवळी माझी नाही, ती माझ्या खिशात होती, काकांची, दुरुस्तीला द्यायची होती. तर त्या आवाजात बायको माझ्याकडे वळली आणि काहीतरी बोलली. लांबलचक बोलली. बोलता बोलता हाताने पुढे कुठेतरी दाखवलं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण माणसाला सवय असते. ती "अहो" म्हणते, मी "हो हो" म्हणतो, दीड शब्दावर संसार चाललाय.

"हो हो, माहितीये मला!" मी ओरडलो.

"मग करा की!" हे मात्र ऐकू आलं.

"करतो, करतो!"

आणि मी काहीच केलं नाही, कारण काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. घरी पोचलो. दार उघडून आत गेल्यावर, चप्पल काढता काढता, तिने शांतपणे सांगितलं, "मी सांगितलं ते केल्याशिवाय मी त्या गाडीत पाऊल ठेवणार नाही. पंचविसाव्याला बसने जाऊ. छोटी आणि भाऊजीही येतील, बसमध्ये जागा असते."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. पुन्हा मेव्हणी! पुन्हा साडू! तुम्ही म्हणाल, अहो, सरळ विचारायचं ना, काय म्हणालीस म्हणून. कसं विचारणार? "माहितीये मला" असं म्हणून बसलो होतो. चुका काढणाऱ्या माणसाने स्वतःची चूक कबूल करायची म्हणजे काय चेष्टा आहे? शिवाय तिचं एक ठाम मत आहे, ते ती अधूनमधून मला ऐकवते: दोनदा 'हो' म्हणणाऱ्याने एकदाही ऐकलेलं नसतं.

मी आडून आडून काढून घ्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, "ते काम तसं अवघडच आहे, नाही?"

"अवघड काय त्यात? नुसता हात पुढे करायचा."

हात पुढे करायचा! मला लख्ख उजेड पडला. साडूंशी माझा अबोला होता, त्यांनी माझ्या नावाच्या स्पेलिंगवरून चारचौघांत विनोद केल्यापासून. म्हणजे मी समेट करावा अशी तिची इच्छा होती तर! दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन मी दारातच हात पुढे केला. साडू इतके गहिवरले की त्यांनी मला मिठी मारली, बराच वेळ सोडलं नाही, आणि म्हणाले, "आता समुद्रावर आपण सगळे एकत्रच!" मी घरी येऊन बायकोला विजयी मुद्रेने सांगितलं, "केला हात पुढे."

"कुठे?"

"साडूंकडे."

तिने माझ्याकडे, मी प्रुफातल्या चुकीकडे बघतो, तसं बघितलं.

आता एकच मार्ग उरला. तिने पुढे, म्हणजे इंजिनाकडेच बोट दाखवलं असणार. हा आवाज कमी करा, असंच म्हणाली असेल. आणि नसेल म्हणाली, तरी आवाज कमी झाला की तिला एकदा कशीबशी गाडीत बसवायची, ती चिडून तेच पुन्हा बोलेल, आणि या वेळी मला ऐकू येईल. कोणत्याही बाजूने पाहिलं तरी फेरे कमी करणं आलं.

वळकटीवाल्या काकांना वास लागायला वेळ लागत नाही. ते निवृत्त गणितशिक्षक. गल्लीत त्यांना सगळे त्रैराशिक काका म्हणतात. बायकोची शिवणाची टेप घेऊन ते चाकाभोवती दोनदा रांगले आणि उठून, गुडघे झाडत म्हणाले, "ताशी शंभर म्हणजे मिनिटाला सोळाशे सहासष्ट मीटर. चाकाचा घेर पावणेदोन मीटर. चाक मिनिटाला फिरतं नऊशे बावन्न वेळा. तुझं इंजिन फिरतं चार हजार वेळा. भाग."

मी खिशात पेन शोधू लागलो.

"भाग म्हणतो ना! चार पूर्णांक दोन. म्हणजे चाक एकदा फिरावं म्हणून इंजिन सव्वाचार वेळा मरतंय. चाकं मोठी घाल. घेर वाढला की फेरे घटले. व्यस्त प्रमाण, सातवीत असतं."

मोठी चाकं घातली. सरळ रस्त्यावर गाडी उत्तम चालली. पण चाकं जरा वळवली की मडगार्डला घासून तिथेच अडकायची, आणि आमच्या गल्लीला दोन वळणं आहेत. शेवटी गल्लीतल्या आठ जणांनी गाडी मागून उचलून वळवून दिली. काका बाजूला उभे राहून कोन सांगत होते. मागच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "गाडी उचलून न्यायची असते हे मला नवीनच." मी ऐकलं नाही असं दाखवलं. जुनी चाकं परत घातली.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, चाकांचा नाद सोडा. मागच्या आसातलं दंतचक्र बदलू. मूळ रोग तिथे आहे." काका म्हणाले, "त्याला वाहन नोंदणी कार्यालयाची परवानगी लागेल. रीतसर अर्ज कर."

अर्ज! तो मात्र माझा प्रांत. आता कुणीही दुसरा असता तर तो 'आरपीएम' लिहून मोकळा झाला असता. पण मी मुद्रितशोधक. आपल्या भाषेत सुरेख शब्द असताना मी परका शब्द वापरणार नाही. मी लिहिलं: 'माझे वाहन महामार्गावर मिनिटाला चार हजार फेरे करते. ते कमी करून तीन हजारांवर आणण्याची परवानगी मिळावी.' एकही काना-मात्रा इकडची तिकडे नाही. अर्ज पुन्हा पुन्हा वाचताना माझं मलाच कौतुक वाटलं.

खिडकी क्रमांक सातच्या बाईंनी तो वाचला आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"फेरे करता? कुठून कुठे?"

"कुठून कुठे नाही, बाई. जागच्या जागी."

"जागच्या जागी? प्रवासी घेऊन?"

"प्रवासी एकच. माझी बायको. तीही हल्ली बसत नाही."

"का?"

"फेरे जास्त होतात म्हणून."

बाईंना माझी दया आली असावी. "चार हजार म्हणजे जास्तच हो," त्या म्हणाल्या, आणि अर्जावर शिक्का मारून तो अकरा नंबरला पाठवला. अकरा नंबरला प्रवासी वाहतूक विभाग होता, हे मला पंधरा दिवसांनी उत्तर आलं तेव्हा कळलं. 'आपल्या मार्गावरील मिनिटाला चार हजार फेरे कमी करण्याची विनंती प्रवाश्यांच्या गैरसोयीमुळे नाकारण्यात येत आहे. वेळापत्रक दर्शनी भागी लावावे.' 'प्रवाश्यांच्या'! मी लाल शाईने त्याचं 'प्रवाशांच्या' केलं आणि पत्र परत पाठवलं. ही माझी दुसरी चूक, कारण दुरुस्त केलेलं पत्र त्यांनी मान्यता समजून सूचनाफलकावर लावलं. शनिवारी सकाळी आमच्या फाटकाशी एक गृहस्थ ट्रंक घेऊन उभे. "मिनिटाला चार हजार फेऱ्या आहेत म्हणे," ते म्हणाले, "मी वीस मिनिटं उभा आहे, एकही आली नाही. काय सेवा आहे ही!" मी माफी मागितली. बायकोने त्यांना चहा दिला. जाताना ते तक्रारवही मागत होते.

मी पुन्हा खिडकी सातवर गेलो आणि मान खाली घालून 'आरपीएम' असं म्हणालो, दंतचक्राचंही सांगितलं. बाई म्हणाल्या, "असं आधी बोलायचं ना! दंतचक्र आत असतं. बाहेरून दिसत नाही, त्याला परवानगी लागत नाही."

वाढदिवसाला पाच दिवस राहिले होते. मिस्त्रीकडे एका पाववाल्याच्या जुन्या गाडीचं दंतचक्र होतं. मापात बसणारं. त्याच्यावर आकडा होता पाच पूर्णांक एक. आमचं चार पूर्णांक दोन. म्हटलं, मोठं आहे ना? टाका. मिस्त्री म्हणाला, "पण साहेब, मोठा आकडा म्हणजे..." आणि तेवढ्यात त्याच्या मागचा हवेचा पंप सुरू झाला. तो हातवारे करत बराच वेळ बोलत होता. मी म्हणालो, "हो हो, माहितीये."

वाढदिवस उजाडला. बॅग भरून बायको दारात उभी. साडू-मेव्हणी सकाळच्या बसने पुढे जाणार असल्याचं कानावर आलं होतं. बसथांब्याकडे जायचं की गाडीकडे, याचा निर्णय व्हायचा होता.

"केलंत का, मी सांगितलेलं?" तिने विचारलं.

"केलं."

"खरंच?"

"म्हणजे काय! मिस्त्रीने तीन दिवस घेतले."

"त्याला मिस्त्री कशाला लागला?" ती म्हणाली. पण बसली. मी घाईघाईने दार लावून घेतलं, न जाणो विचार बदलायची.

गावात गाडी काय पळाली म्हणून सांगू! चढावर उड्या मारत गेली. मी मनात म्हटलं, जिंकलो. महामार्गाला लागलो, चौथा टाकला. सत्तरला आवाज, ऐंशीला किंचाळी, आणि शंभरला काटा जवळजवळ पाच हजारांवर. मोठा आकडा म्हणजे जास्त फेरे, हे मिस्त्री पंपाच्या आवाजात सांगत होता, ते मला तिथे, त्या क्षणी कळलं. टप फडफडत होता, आरसा इतका थरथरत होता की मागून एक ट्रक येतोय की चार ते समजेना. बायको माझ्याकडे बघत होती. चिडलेली नव्हती. चिडली असती तर परवडलं असतं. तिचा चेहरा उतरला होता. माझ्या मनात आलं, हिला वाटत असणार, साधी एक गोष्ट सांगितली तीही या माणसाने मुद्दाम केली नाही. पंचवीस वर्षं झाली तरी. मला फार वाईट वाटलं. मानापमान गेला खड्ड्यात.

"मला ऐकूच आलं नव्हतं!" मी ओरडलो.

"काय?"

"त्या दिवशी तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नव्हतं!"

"मला काही ऐकू येत नाहीये!" ती ओरडली.

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत मी साध्या आवाजात ते वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं, समेटाचा हात, चाकं, अर्ज, पाववाला, सगळं सांगून टाकलं. सांगताना माझे कान गरम झाले होते.

ती आधी बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, मग पदर पुरेना म्हणून समोरचं पिवळं फडकं ओढून घेतलं.

"चला," ती म्हणाली, "सत्तरला न्या आणि चौथ्यात ठेवा."

मी नेली. काटा चौतीसशेवर. तिने हात पुढे केला. नुसता हात पुढे केला, आणि ते गुंडीएवढं पांढरं बटण ओढलं. क्षणभर काही नाही. मग गाडीने एक सुस्कारा सोडल्यासारखं वाटलं आणि काटा खाली, खाली, सत्तावीसशेवर येऊन थांबला. वेग तोच. पहिल्यांदाच मला टायरांचा आवाज ऐकू आला.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "चौथ्याच्या वर अर्धा गिअर आहे, या बटणाचा. चालत्या गाडीत, चौथ्यातच लागतो. उभ्या गाडीत ओढून काही होत नाही. त्या दिवशी तेच सांगत होते. तुम्ही म्हणालात, माहितीये."

म्हणजे आवाजामुळे जे ऐकू आलं नाही, तो त्या आवाजावरचाच इलाज होता! मी मागचा आस तसाच राहू दिला असता तर शंभरलासुद्धा बत्तीसशे फेरेच झाले असते, असं काकांनी नंतर वहीवर करून दाखवलं. मी ते पान फाडलं.

"आणखी कशाकशाला नुसतंच 'हो हो' म्हणालात?" तिने विचारलं. इतकं स्वच्छ ऐकू आलं की टाळता येईना. मी आठवेल तसं सांगत गेलो. पुढचे चाळीस किलोमीटर त्यात गेले. माळ्यावरचा पंखा, तिच्या मामांचं पत्र, आणि छोटीने विश्रामगृहात आमच्या शेजारचीच खोली घेतलीये, हे तिने मला मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं म्हणे.

"पण एक गोष्ट," मी शेवटी जरा मान ताठ करून म्हणालो. "लग्नाचं विचारलं ते मी. तेव्हा 'हो हो' तू म्हणाली होतीस."

ती खिडकीबाहेर बघू लागली.

"काय झालं?"

"त्या यंत्रापाशी किती आवाज असायचा आठवतंय का? मला वाटलं, तुम्ही विचारताय, पुढचे फर्मे घडीला पाठवू का."

मी गाडी रस्त्यावर ठेवली, हे विशेष. "अगं, 'लग्न कराल का' आणि 'फर्मे पाठवू का', यात सारखं काय आहे?"

"दोन्हीत शेवटी 'का' आहे."

पंचवीस वर्षं चारचौघांत सांगितलेली गोष्ट! "मग तुला कळलं कधी?"

"रविवारी तुमचे आईबाबा घरी आले तेव्हा. माझ्या बाबांनी मला आत बोलावून विचारलं. सावकाश, नीट. घरात कुणी बोलत नव्हतं. मी सगळं ऐकून घेतलं."

"आणि?"

"आणि 'हो' म्हटलं. एकदाच."

काटा सत्तावीसशेवर होता, गाडी आपली आपण चालल्यासारखी चालली होती. लांबवर एक फाटा दिसू लागला.

"अहो," ती म्हणाली, "इथून डावीकडे वळलं तर समुद्रावरचंच दुसरं गाव लागतं. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, आणि छोटीलाही ते माहीत नाही. वळायचं?"

मी नीट ऐकलं. शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकलं.

"हो," मी म्हणालो.